नळापाशी बसायचं काम

आमच्या घरात कुणी रिकामं बसलेलं दिसलं की पप्पांच्या पोटात दुखतं. खरंच दुखत असावं, कारण तोंड तसंच होतं. सोफ्यावर मी नुसती टेकले तरी पहिला प्रश्न, "काय करू राहिलीस?" काही नाही, हे उत्तर आमच्याकडं चालत नाही. असं म्हणणाऱ्याला लगेच काहीतरी काम मिळतं. म्हणून मी लहानपणापासून हातात पुस्तक धरूनच बसायला शिकले. उलटं धरलं तरी चालतं, पप्पा लांबूनच बघतात.

पप्पा वाळूजला कंपनीत सुपरवायझर आहेत. तिथं कायझेन नावाचं एक जपानी खूळ आहे. म्हणजे रोजच्या कामात बारीकशी सुधारणा सुचवायची, दोन-चार सेकंद वाचवायचे आणि साहेबांच्या हातून प्रमाणपत्र घेताना फोटो काढायचा. पप्पांची अशी अकरा प्रमाणपत्रं आमच्या हॉलमध्ये लटकलेली आहेत. त्यांना जागा पाहिजे म्हणून आजोबांचा फोटो फ्रिजवर गेला.

कंपनीतलं खूळ कंपनीत राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण पप्पांनी ते घरी आणलं. चहा, साखर, तिखटाच्या डब्यांभोवती पिवळी टेप चिकटवून चौकोन आखले. चपलांनाही चौकोन. आलेला पाहुणा आधी दारात उभा राहून आपली चप्पल कुठल्या चौकोनात मावते ते बघायचा, मग आत यायचा. एकदा तर पप्पा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून आईच्या मागं उभे राहिले आणि सहा भाकरी होईपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "परात डावीकडं ठेवलीस ना, तर भाकरीमागं सहा सेकंद वाचतील."

आईनं तव्यावरची भाकर उलटली. "वाचलेल्या सेकंदांचं काय करू?"

"दुसरी भाकर टाक."

परात मात्र आजही उजवीकडंच आहे.

पप्पांना नावं ठेवणं सोपं आहे आणि मी ते काम आवडीनं करते, पण एक सांगायला पाहिजे. ते सोयगावकडच्या खेड्यातले. सकाळी शेतात, मग पायी शाळेत, परत शेतात, असं करत बारावी सायन्सपर्यंत आले आणि तिथं गचकले. त्यांच्या मते बुद्धी होती, वेळ नव्हता. तेव्हा जो वेळ मिळाला नाही तो सगळा ते आता आमच्याकडून वसूल करतात.

मी अकरावी सायन्सला गेले आणि माझे बारा वाजले. पप्पांनी माझं टाईमटेबल छापून, लॅमिनेट करून आणलं. लॅमिनेट कशाला, तर मला खाडाखोड करता येऊ नये म्हणून. पाचला उठणं. अंघोळ आठ मिनिटं. सात ते दोन क्लास. जेवण पंधरा मिनिटं. तीन ते आठ घरी अभ्यास. संडासला वेळच दिलेला नव्हता, तो बहुतेक अंघोळीत धरला होता.

मला काय पाहिजे होतं? मला एक दुपार पाहिजे होती. अशी दुपार, जी पुढच्या कशाचीच तयारी नसेल. दहावी अकरावीसाठी, अकरावी बारावीसाठी, बारावी मेडिकलसाठी, मेडिकल आणखी कशासाठी तरी. सोळा वर्षांची होते मी, आणि सोळावं वरीस नुसतं पुढं ढकलायला लावलं होतं. एकदा क्लासमध्ये धीर करून विचारलं, "सर, पण जगायचं कधी?" सर म्हणाले, "सिलेक्शन झाल्यावर." वर्गानं टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या मानेवर सुरी फिरली तीच पोरं टाळ्या वाजवत होती, काय बोलणार.

पुढं दोन-तीन पोरं चक्कर येऊन पडली तेव्हा क्लासवाल्यांना काळजी वाटली आणि त्यांनी एक पाहुणे बोलावले. पाहुणे पुण्याहून आले होते आणि त्यांना लगेच परत जायचं होतं. चाळीस मिनिटांत त्यांनी आम्हाला वर्तमानात जगायला शिकवलं. "घाई कशाचीच करू नका," असं म्हणून ते घड्याळ बघायचे. शेवटी डोळे मिटून पाच मिनिटं बसवलं, आणि आमचे डोळे मिटलेले असताना सरांनी हजेरी घेतली. वर होमवर्क दिला. रोज दहा मिनिटं काहीही न करता बसायचं आणि बसल्याची नोंद वहीत करायची.

पप्पांना ही कल्पना लई आवडली. त्यांनी टाईमटेबलावर वरून एक स्टिकर चिकटवलं. "४.५० ते ५.०० : शांत बसणे." सुट्टीच्या दिवशी ते स्वतः लक्ष ठेवायचे. मी खुर्चीत डोळे मिटून बसायची आणि बाजूच्या खोलीतून आवाज यायचा, "झालं का शांत बसून? एकच मिनिट राहिलं, उरक!"

खरं बसणं मला सापडलं ते नळापाशी.

आमच्या हडको कॉलनीत पाणी रोज येत नाही. आठवड्यातनं एकदा येतं, कधी आठवडाही उलटतो. नळाला जोर नसतो म्हणून गेटजवळ कमरेएवढा खड्डा करून नळ खाली उतरवलेला आहे. पाणी आलं की आधी गढूळ सोडून द्यायचं, मग पाईप जोडायचा, मोटर लावायची आणि हौद भरायचा. तासाभरात पाणी जातं. चुकलं तर पुढचा आठवडा लोकांच्या दारात कळशी घेऊन उभं राहायचं. त्यामुळं पाण्याच्या दिवशी कुणीतरी नळापाशी बसावंच लागतं, आणि ते काम पहिल्यापासून आईचं.

आई घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. तिचं मशीन सकाळी भांडी झाली की सुरू होतं, ते दिवे लागेपर्यंत. पण पाण्याच्या दिवशी साडेतीन वाजले की मशीन थांबायचं. आई प्लास्टिकचं स्टूल घेऊन खड्ड्याच्या काठाशी, शेजारच्या कडुलिंबाच्या सावलीत जाऊन बसायची. "पाण्याचा काय भरवसा," म्हणायची. "कधी चारला येतं, कधी त्याच्या पण आधी."

एका दुपारी ऑरगॅनिक केमिस्ट्रीनं डोकं उठलं तेव्हा मी बाहेर गेले. म्हटलं, "आई, तू जा. मी बसते."

"नको. अभ्यास कर तू."

मी गेले नाही. आतून दुसरं स्टूल आणलं आणि मांडीवर पुस्तक उघडून बसले, सुलटं. आईनं बघितलं आणि खड्ड्याकडं तोंड फिरवलं. दहा मिनिटांनी मी पुस्तक मिटलं.

मग प्रत्येक पाण्याच्या दिवशी आम्ही दोघी बसायला लागलो. काय करायचो? काही नाही! कडुलिंबाची पिकली पानं खड्ड्यात पडताना बघायचो. समोरच्या घरची मांजर गाडीच्या सीटवर झोपायची, ती कूस कधी बदलते ते बघायचो. आई कधी माहेरचं सांगायची. तिचं माहेर सिल्लोडकडं. मका कणसाला आला की तिला राखणीला पाठवायचे. "मचाणावर बसायचं आन् पाखरं आली की ओरडायचं," ती म्हणाली. "नाय आली तर नुसतं बसायचं. घरात पाच पोरी, पण राखणीला मीच जायचे भांडून." हे सांगताना ती हसली. आईला असं हसताना मी घरात बघितलेलं नव्हतं, आणि मला लई बरं वाटलं.

एकदा मी विचारलं, "भाजी आणू का निवडायला?"

"नको. पाणी येईल, हात ओले होतील."

"मग साडी आणू? फॉल तरी लावून होईल."

"साडीला पाणी लागलं म्हणजे?"

मला ते पटलं. शेजारच्या खाला मात्र पाच वाजल्याशिवाय दारात दिसायच्या नाहीत. पाचनंतर निवांत यायच्या, ड्रम मांडायच्या, विचारायच्या, "पानी आया क्या बाजी?" आई म्हणायची, "आएगा अब्बी." आणि थोड्या वेळात नळ फुसफुसायला लागायचा. खालांचं नशीबच चांगलं, असं मला वाटायचं. हुशार मुलगी होते मी. क्लासमध्ये पहिल्या बॅचला होते.

मग एकदा पाण्याचा दिवस आणि पप्पांची सुट्टी एकाच दिवशी आली. चारच्या सुमाराला ते चहासाठी उठले, घरात कुणी नाही म्हणून बाहेर आले आणि त्यांनी आम्हाला बघितलं. दोघी बसलेल्या. हातात काही नाही. त्यांचं तोंड पोट दुखल्यासारखं झालं.

"हे काय चाललंय?"

"पाण्याची वाट बघतोय," आई म्हणाली.

"दोन माणसं? किती वाजल्यापासून?"

त्या दिवशी पाणी पाच वीसला आलं. आई म्हणाली, "आज उशीरच झाला जरा." पण पप्पांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांना कायझेन सुचलं होतं.

पुढच्या आठवड्यात ते कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनकडून एक डबी बनवून घेऊन आले. तिच्यातून दोन वायरी निघायच्या, त्यांची टोकं नळाखाली ठेवायची. टोकांना पाणी लागलं की डबीतून एक बाई हिंदीत बोलायची, "कृपया ध्यान दीजिए. पानी आ गया है." तीन-तीनदा. पप्पांनी खड्ड्यात तांब्या ओतून आम्हाला ते करून दाखवलं आणि स्वतःच टाळी वाजवली. "आता कुणी बसायची गरज नाय. तू मशीनवर, ही अभ्यासाला. आलं पाणी की उठायचं."

आईनं दोन्ही स्टुलं उचलून जिन्याखाली ठेवली.

मला राग आला. पप्पांचा आला, डबीचा आला, त्या हिंदीवाल्या बाईचा तर लईच. पण मला वाटलं, गेली ती माझी दुपार. आई दिवसभर कामच करते, तिचं काय जाणार? उलट तिचे कष्ट वाचले. हे मी खरंच धरून चालले होते आणि ते आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

डबी आल्यावर तीनदा पाणी आलं. बाई बोलली पाच वीसला, पाच सतराला, पाच बावीसला. पप्पांनी वेळा वहीत लिहून ठेवल्या.

त्यानंतरच्या सुट्टीला आत्या आणि काका जेवायला आले. त्याच सकाळी माझ्या टेस्टचे मार्क आले होते, आणि ते सोळानं कमी झाले होते. पप्पांनी पंगतीतच विषय काढला. वरण वाढता वाढता आत्याला सांगायला लागले, "मार्क जातील नाय तर काय. आठ-आठ दिवसाला दोन-दोन तास नळावर बसायची ही. मी बंद केलं म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला काहीतरी बोलून सुटायचं होतं, आणि जे तोंडात आलं ते मी बोलले.

"मी कुठं? आईच बसायची साडेतीनपासून. आणि पाणी तर कायम सव्वापाचनंतरच येतं! बघा ना तुमच्या वहीत. इतकी वर्षं आई उगाचच दोन तास आधी जाऊन बसती."

पप्पांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि वही आणली. पाच वीस, पाच सतरा, पाच बावीस. मग हसायला लागले. आत्या हसली, काका तर ठसका लागेपर्यंत हसले. "बारा वर्षं!" पप्पा म्हणाले. "बारा वर्षं ही बाई कोरड्या नळाला राखण करू राहिली! अगं, एखाद्या दिवशी घड्याळ तरी बघायचं!" आत्या म्हणाली, "वहिनी भोळीच आहे माझी."

आई पण हसली. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. "मी आपली अडाणी."

माझी आई दहावी पास आहे. कुकर बंद करायला ती शिट्ट्या मोजत नाही, तिला अंदाजानं कळतं. दूधवाला, घंटागाडी, कंपनीची बस, कोण किती वाजता येणार ते तिला पाठ. आणि मला तेव्हाच, भाताचा घास हातात असताना, आठवलं. मागच्या उन्हाळ्यात पाण्याच्या दिवशी आम्हाला एका लग्नाला जायचं होतं. तेव्हा आई खालांना म्हणाली होती, "मैं पाच बजे तक आती. पानी सव्वापाच के पहले कभी आताच नहीं." मी शेजारी उभी होते. मी ते ऐकलं होतं.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बारा वर्षं ती ठरवून, खोटं बोलून, आठवड्यातनं एकदा दोन तास नुसती बसत होती. दुसरं काही केल्याशिवाय या घरात बसायला मिळत नाही म्हणून तिनं बसायचंच काम करून घेतलं होतं. आणि मी सोळा मार्कांसाठी ते ताटात वाढून मोकळी झाले.

भांडी घासताना मी तिच्याजवळ गेले. तिनं मान वर केली नाही. "लई शहाणी झालीस," एवढंच म्हणाली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी साडेतीन वाजले, पावणेचार वाजले, आणि आतल्या खोलीत मशीन चालूच होतं. तो आवाज ऐकत मला अभ्यास करता येईना. मी भिंतीकडं तोंड करून रडले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी ठरवलं. पावणेचारला जिन्याखालून एक स्टूल काढलं, नळापाशी नेऊन बसले आणि माझ्या पाण्याच्या बाटलीतलं घोटभर पाणी त्या दोन वायरींवर ओतलं.

"कृपया ध्यान दीजिए," बाई किंचाळली. "पानी आ गया है."

मशीन थांबलं. आई दाताखाली दोरा आणि हातात पाईप घेऊन धावत बाहेर आली. नळ कोरडा ठाक. तिनं नळाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या हातातल्या उघड्या बाटलीकडं. आता कानाखाली बसणार, असं मला वाटलं आणि बसली असती तर चाललं असतं.

तिनं तोंडातला दोरा काढला, पदराला पुसला, बोटाला गुंडाळला. मग पाईप खाली ठेवला.

"सरक," म्हणाली.

एका स्टुलावर दोघी कशा मावणार? मी उठून खड्ड्याच्या काठावर बसले. पाणी पाच एकोणीसला आलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी टेस्टमुळं मला क्लासवरून यायला चार वाजले, तर गल्लीच्या तोंडापासूनच बाईचा आवाज ऐकू येत होता. आई नळापाशी स्टुलावर बसलेली, पायाशी तांब्या. मला बघून म्हणाली, "बिघडलंय वाटतं हे. कधी पण बोंबलतंय." तोंडावरची माशीसुद्धा हलली नाही. मग तिनं पप्पांना कंपनीत फोन लावला. "अहो, वाजलं बघा. नाय, पाणी नाय. नुसतंच वाजलं."

असे फोन तिनं प्रत्येक पाण्याच्या दिवशी केले, आणि दर वेळी पप्पा मीटिंगमध्ये असायचे. त्यांनी डबी उघडली, सेल बदलले, वायरी घासल्या, इलेक्ट्रिशियनला घरी आणलं. त्याच्यासमोर बाई अगदी शहाण्यासारखी वागली. शेवटी पप्पांनीच शोध लावला, की पाणी यायच्या आधी नळातून दमट हवा येते आणि तिच्यामुळं सेन्सर फसतो. "मशीनवर भरवसा ठेवून चालणार नाय," ते गंभीरपणे म्हणाले. "माणूस लागणारच."

त्यांनी आईसाठीही टाईमटेबल केलं. "पाणी निरीक्षण : ३.३० ते ५.३०." आई त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होती.

"हिचं पण नाव लिहा त्यात."

"हिचं कशाला? हिचा अभ्यास?"

"मोटर उचलत नाय मला एकटीला."

"बारा वर्षं उचललीस की!"

"तेव्हा वय होतं," आई म्हणाली. तिच्या कमरेवर तेव्हा वीस लिटरचा भरलेला जार होता, तो तिनं एका हातानं ओट्यावर चढवला. पप्पा टाईप करत होते, त्यांनी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघींची नावं लॅमिनेट होऊन आली.

मला पुढं मेडिकल मिळालं नाही. पप्पा आजही त्या नळाला दोष देतात. मी आता फार्मसीला आहे, आणि टाईमटेबल फ्रिजवर, आजोबांच्या फोटोशेजारी आहे.

ते टाईमटेबल लागल्यानंतरच्या पहिल्या दुपारी आम्ही दोन स्टुलं टाकून बसलो. समोरची मांजर सीटवर झोपली होती. त्या जेवणाच्या दिवसापासून सांगायचं राहिलं होतं ते मी काढलं. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे बोलले ना..."

"गप," आई म्हणाली. "बसायला आलीस ना? मग बस."

साडेतीन वाजले होते. पाणी यायला अजून पावणेदोन तास होते.